कथा पाठवलीये, आता पुढे काय?

या वेळी ठरवून एकाच विषयावरची पत्रं घेतलीयेत. गेल्या काही महिन्यांत जी पत्रं आणि मेल आले त्यातले कितीतरी नव्याने कथा लिहायला लागलेल्यांचे होते आणि प्रश्न फिरून फिरून तोच, कथा लिहून झालीये, आता ती छापून कशी आणायची. मी स्वतः कथा लिहिते आणि बरीच वर्षं एका मासिकाकडे आलेल्या कथा वाचायचं कामही केलंय, त्यामुळे पाठवणाऱ्याची धाकधूक माहितीये आणि वाचणाऱ्याची दमछाकसुद्धा. नावं कुणाचीच दिलेली नाहीत, बऱ्याच जणांनी तशी विनंती केली होती.

प्रश्न : ताई, दीड वर्षात मी पाच कथा पाच मासिकांना पाठवल्या. दोन परत आल्या, नुसतं 'साभार परत', कारण वगैरे काही नाही. दोन ठिकाणांहून आजपर्यंत काहीच उत्तर नाही. पाचवीला सात महिने झालेत, फोन करायची हिंमत होत नाही. मित्रमंडळी म्हणतात कथा छान आहेत. मग चुकतंय कुठे? की मी लेखक नाहीच आहे?

शेवटचा प्रश्न आधी घेते कारण तोच तुम्हाला आतून खातोय असं पत्रावरून वाटलं. 'साभार परत' या दोन शब्दांत तुमच्याबद्दल काहीही म्हटलेलं नसतं. ती एक कथा त्या एका अंकात बसली नाही एवढंच, आणि न बसण्याची कारणं इतकी असतात की ऐकून नवल वाटेल. अंकाची पानं भरलेली असतात. म्हाताऱ्या वडिलांवरच्या दोन कथा आधीच घेऊन झालेल्या असतात, तिसरी कितीही चांगली आली तरी तिला जागा नसते. विशेषांक असेल तर विषय आधीच ठरलेला असतो, जुळवाजुळव कित्येक महिने आधी सुरू झालेली असते आणि तुमची कथा पोचते तेव्हा अंक जवळजवळ छपाईला तयार असतो. यातलं काहीच त्या चिठ्ठीवर येत नाही कारण लिहायला वेळच नसतो, बहुतेक ठिकाणी कथा वाचणारी माणसं एक किंवा दोन असतात आणि बाकीची सगळी कामं उरकून मग ती हा गठ्ठा हातात घेतात.

मी वाचत होते तेव्हा प्रत्येक कथेचं पहिलं पान नीट वाचायचे, त्यात कधी हयगय केली नाही. पण दुसऱ्या पानावर जावंसं वाटलं नाही तर ओढूनताणून जायचे नाही. हे निष्ठुर वाटेल, पण अंक विकत घेतलेला वाचक घरी हेच करतो. संपादक म्हणजे तुम्हाला अजिबात न ओळखणारा तुमचा पहिला वाचक, हे एकदा मनात पक्कं बसलं ना की बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात. मित्रमंडळी तुमचा आवाज कानात ठेवून वाचतात, तुम्हाला काय म्हणायचंय ते त्यांना आधीच ठाऊक असतं आणि कागदावर जे उतरलेलंच नाही ते ती मनानेच भरून घेतात. म्हणून त्यांना 'कशी वाटली' असं विचारूच नका. 'वाचताना कुठे थांबावंसं वाटलं, कुठलं पान चाळलंस' असं विचारा, खरं उत्तर मिळेल.

माझी स्वतःची एक कथा सांगते. ती परत आली तेव्हा पहिल्या पानाच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात एक ओळ होती, 'गोष्ट पान ३ वर सुरू होते.' सही नाही, काही नाही. मला आधी रागच आला. पहिल्या दोन पानांवर मी जीव ओतला होता हो, नायिकेला जाग येते, खिडकीवर पाऊस वाजतोय, तिला लहानपणचे दिवस आठवतात, वडिलांचा स्वभाव कसा होता, घर कसं होतं. आणि तिसऱ्या पानावर ती वडिलांचं कपाट आवरायला घेते, त्यांना जाऊन चार दिवस झालेत, आणि कपड्यांच्या घडीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. शोधते तर त्यांच्या शर्टाच्या खिशात कानाचं मशीन, बंद करायचं राहून गेलेलं, अजून चालू. महिनाभराने राग उतरल्यावर मी पुन्हा वाचली आणि कळलं की तो पेन्सिलवाला माणूस बरोबर होता, त्या आवाजानंतर वडिलांचा स्वभाव वेगळा सांगायची गरजच उरत नव्हती. दोन पानं काढून टाकली, त्यातल्या दोन ओळी पुढे पेरल्या आणि कथा दुसऱ्या मासिकाला पाठवली, तिथे ती लागली. तुमच्या त्या दोन परत आलेल्या कथा आज काढा आणि फक्त एवढं बघा, तुमचं मशीन कुठल्या पानावर वाजतंय.

आता व्यवहाराचं. पाच कथा आणि पाच मासिकं म्हणजे प्रत्येक कथा एकदाच बाहेर पडलीये, हे फार कमी झालं. परत आलेली कथा एकदा तपासून आठवड्याभरात पुढच्या ठिकाणी गेली पाहिजे, फायलीत झोपून राहायला नको. एक वही करा, त्यात कथेचं नाव, कुठे पाठवली, कुठल्या तारखेला, उत्तर काय आलं, एवढे चार रकाने पुरतात. सात महिने झालेल्या कथेसाठी फोन करू नका, समोरच्याला हातातलं काम सोडून तुमची कथा शोधावी लागते आणि तुम्हाला मिळतं ते अवघडलेलं उत्तर. चार ओळींचा मेल करा, 'अमुक नावाची कथा अमुक तारखेला पाठवली होती, ती अजून विचाराधीन आहे का हे कळवाल का.' त्या मासिकाने उत्तराला किती काळ लागतो ते सांगितलं असेल तर मात्र तो काळ आधी पूर्ण होऊ द्या. दोन-तीन आठवड्यांत काहीच आलं नाही तर दुसरा मेल, 'ही कथा मी मागे घेतेय आणि इतरत्र पाठवतेय', आणि खरंच पाठवा. हा दुसरा मेल विसरू नका, कारण एकच कथा दोन ठिकाणी छापून आली तर दोन्ही दारं बंद होतात आणि संपादक ते बरीच वर्षं लक्षात ठेवतात. काही मासिकं स्वतःच म्हणतात की एकाच वेळी इतरत्रही पाठवलीत तरी चालेल, फक्त दुसरीकडे घेतली गेली तर लगेच कळवा. तसं म्हटलेलं नसेल तर चालत नाही असंच धरून चाला. वाट बघायच्या त्या महिन्यांत सहावी कथा लिहायला घ्या, वाट बघणं थोडं तरी सुसह्य होतं.

प्रश्न : कथा ९,४०० शब्दांची झालीये. ज्या मासिकाला पाठवायचीये त्यांच्या आवाहनात ३,००० शब्दांपर्यंत असं आहे. चांगली असेल तर घेतील ना? आणि मी हातानेच लिहितो, पानांचे फोटो काढून पाठवले तर चालतात का?

नाही घेणार, दादा. शब्दमर्यादा पानांच्या हिशोबावरून आलेली असते, दोन-तीनशे शब्द इकडेतिकडे कुणी बघत नाही पण तिप्पट कथा वाचायला घेतली तरी ठेवायची कुठे?

मर्यादा म्हणजे शत्रू असं मात्र समजू नका. रशियन कथाकार चेकॉव्ह तरुणपणी, १८८० च्या दशकात, वैद्यकीय शिक्षण घेता घेता घर चालवण्यासाठी विनोदी साप्ताहिकांना गोष्टी लिहायचा आणि त्यातल्या एका साप्ताहिकाच्या संपादकाची अटच होती की गोष्ट साधारण शंभर ओळींच्या आत बसली पाहिजे. तो वैतागायचा, तक्रार करायचा, पण एका हालचालीत माणूस उभा करायची जी हातोटी त्याच्या पुढच्या कथांमध्ये दिसते ती त्या शंभर ओळींत घासली गेली असं मला ठाम वाटतं. आणि एडगर ॲलन पो या अमेरिकन कथाकाराने १८४२ मध्येच लिहून ठेवलंय की कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिचा मिळून एकच ठसा उमटावा. तुमच्या ९,४०० शब्दांत असा एक ठसा आहे का ते बघा. कथेत प्रसंग किती आहेत ते मोजा, प्रत्येकासमोर एका ओळीत लिहा की या प्रसंगाने काय बदललं. ज्याच्यासमोर काहीच लिहिता येत नाही तो प्रसंग जाऊ शकतो. एवढं करूनही ती ७,००० च्या खाली येत नसेल तर ती दीर्घकथा आहे, तिला कापून रक्तबंबाळ करू नका, दीर्घकथा घेणारं ठिकाण शोधा आणि या मासिकासाठी दुसरी लिहा.

फोटो नकोच. तुमचे वीस फोटो बघून कुणालातरी ते टाइप करावे लागणार आणि तेवढा वेळ कुणाकडेच नसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसतील अशा अक्षरांत, टाइप केलेली साधी वर्ड फाइल द्या, जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात, माझ्याकडे अशा कितीतरी फायली आल्या ज्यांतली एक ओळसुद्धा वाचता आली नाही. टाइप करणं जमत नसेल तर बोलून टाइप करायची सोय आता फोनमध्ये असते, मग शुद्धलेखन मात्र स्वतः ओळ न् ओळ तपासा कारण ती सोय बऱ्याचदा विरामचिन्हं गाळते आणि शब्द चुकीचे ऐकते. अक्षर मोठं, ओळींत मोकळी जागा, पानांना नंबर, पहिल्या पानावर कथेचं नाव, तुमचं नाव, मेल, फोन आणि शब्दसंख्या. स्पर्धेसाठी असेल तर नियम बघा, बऱ्याच स्पर्धांत कथेच्या फाइलमध्ये नाव चालत नाही कारण परीक्षकांना ते दिसू द्यायचं नसतं. रंगीत अक्षरं, चित्रं, नक्षीची चौकट यातलं काहीही नको. फाइलला 'कथा फायनल नवीन २' असं नाव देऊ नका, संपादकाकडे तशाच नावाच्या दहा असतात, कथेचं आणि तुमचं नाव द्या.

प्रश्न : मॅडम, एक कथा मी फेसबुकवर टाकली होती, खूप छान प्रतिसाद आला, चारशेच्या वर लाइक. आता ती मासिकाला पाठवू शकते का? आणि तीच कथा माझं नाव काढून एका व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतेय, त्याचं काय करू?

बहुतेक मासिकं तुमच्याकडून जे घेतात ते म्हणजे कथा पहिल्यांदा छापायचा हक्क. तुम्ही ती सगळ्यांना दिसेल अशी पोस्ट केली म्हणजे तो पहिलेपणा तुम्हीच वापरून टाकलात, आणि पोस्ट डिलीट केली म्हणून तो परत येत नाही. काही मासिकं पूर्वप्रकाशित कथा घेतात, काही म्हणतात सोशल मीडियावरची चालेल, काहींना अजिबात चालत नाही. म्हणून पाठवताना सरळ लिहा, 'ही कथा मी अमुक महिन्यात फेसबुकवर टाकली होती.' लपवू नका. छापून आल्यावर एखादा वाचक 'ही तर मी आधी वाचलीये' असं कळवतोच, आणि मग त्या संपादकाला काय वाटतं ते मी बघितलंय. चार जणांच्या लेखनगटात अभिप्रायासाठी वाचायला दिलेली कथा मात्र सहसा प्रकाशित धरत नाहीत. इथून पुढे जी कथा मासिकासाठी आहे ती आधी मासिकाला, पोस्ट नंतर.

नाव काढून फिरणाऱ्या कथेबद्दल खरंच वाईट वाटलं, स्वतःचं लेकरू दुसऱ्याच्या कडेवर बघावं तसं होतं ते. पण एक लक्षात ठेवा, कथा तुमचीच आहे. बर्न करार म्हणून एक आंतरराष्ट्रीय करार आहे, मूळचा १८८६ चा, जगातले बहुतेक देश त्यात आहेत, त्याप्रमाणे लेखनाचा हक्क मिळवायला कुठे नोंदणी करावी लागत नाही, लिहिलं की हक्क लेखकाचा, आणि तो लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर किमान ५० वर्षं राहतो. संरक्षण असतं ते तुमच्या शब्दांना, तुमच्या मांडणीला, नुसत्या कल्पनेला नसतं. म्हणजे कानाच्या मशीनवर दुसरं कुणीही स्वतःची कथा लिहू शकतं, माझी वाक्यं उचलू शकत नाही. तुमची मूळ पोस्ट तारखेसकट आहे हाच पुरावा, तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, ज्या ग्रुपवर दिसली तिथे शांतपणे मूळ लिंक टाकून 'ही कथा माझी आहे, कृपया नावासकट पाठवा' एवढं लिहा. बहुतेक लोक कुठूनतरी आलेलं पुढे ढकलतात, चोरी करतोय असं त्यांच्या ध्यानीमनीही नसतं. आणि जुने ड्राफ्ट पुसून टाकू नका, तारखांसकट जपून ठेवा.

प्रश्न : एका प्रकाशकाने 'निवडक नवोदित कथाकार' अशा संग्रहासाठी माझी कथा निवडलीये म्हणून कळवलंय, पण प्रत्येक लेखकाने पैसे भरायचेत आणि काही प्रती विकत घ्यायच्यात. भरू का? कथास्पर्धेची प्रवेश फी पण अशीच असते का?

भरू नका. मी हे ठामपणे सांगतेय कारण मी भरलेत. सुरुवातीच्या काळात असंच पत्र आलं होतं, 'आपल्या कथेची निवड झाली आहे', आणि निवड हा शब्द वाचून मी इतकी हरखले की पुढचं नीट वाचलंच नाही. पैसे भरले, प्रूफ, म्हणजे छापायच्या आधी तपासायची पानं, दाखवणार होते ते दाखवलं नाही, पुस्तक आलं तेव्हा माझं आडनाव चुकलेलं होतं आणि कथेचा शेवटचा परिच्छेद गायब होता. प्रती मीच ओळखीच्यांना वाटल्या. ज्यांनी ज्यांनी पैसे भरले त्या सगळ्यांची 'निवड' झाली होती हे नंतर इतर लेखकांशी बोलल्यावर कळलं, तोवर वर्ष गेलं होतं.

साधी गोष्ट बघायची, पुस्तक वाचकांना विकून चालणार आहे की लेखकांना. लेखकांकडूनच खर्च निघत असेल तर वाचकांपर्यंत पोचवायची गरजच कुणाला उरत नाही. अनेक लहान मासिकं मानधन देऊ शकत नाहीत, नुसता अंक पाठवतात, त्यात काही वावगं नाही, आपल्याला चांगले वाचक मिळतात. पण छापायचे पैसे लेखकाने द्यायचे हा वेगळा व्यवहार आहे. तुम्हाला स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढायचं असेल तर जरूर काढा, तो राजमार्ग आहे, फक्त त्याला 'स्वतः काढलेलं पुस्तक' असंच म्हणा आणि कागद, छपाई, संपादन, विक्री यातलं कोण काय करणार हे लेखी घ्या.

स्पर्धेच्या फीचं थोडं वेगळं असतं, काही चांगल्या स्पर्धाही थोडी फी घेतात. तिथे तीन गोष्टी तपासा. परीक्षक कोण आहेत ते जाहीर केलंय का, आधीच्या वर्षांच्या विजेत्या कथा कुठे वाचायला मिळतात का, आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची, नियमांत कुठे असं लिहिलंय का की आलेल्या सगळ्या कथांचे हक्क आयोजकांकडे जातील, न जिंकलेल्यांचेसुद्धा. तसं असेल तर फी नसली तरी पाठवू नका.

प्रश्न : माझी पहिलीच कथा घेतलीये! पण संपादक म्हणतात शेवटचा परिच्छेद काढूया. कथेत दोन भाऊ वडिलोपार्जित घर विकतात, शेवटी मोठा भाऊ नव्या मालकाला किल्ली देतो आणि जुडग्यातून दोघांच्या लहानपणीच्या सायकलच्या कुलपाची छोटी किल्ली काढून खिशात टाकतो. त्यानंतरचा परिच्छेद असा आहे, 'धाकट्याला उमगलं, घर भिंतींचं नसतंच, ते माणसांचं असतं. विकलं गेलं ते फक्त बांधकाम होतं.' माझ्या मते कथेचा अर्थच तिथे आहे. नाही म्हटलं तर कथा काढून टाकतील का?

आधी मनापासून अभिनंदन! आणि आता जरा कडू लागेल ते सांगते, तुमचे संपादक बरोबर आहेत. ती छोटी किल्ली खिशात जाते ना, तिथे माझ्या पोटात कालवलं, खरंच, आणि पुढच्या दोन वाक्यांनी मला जे आधीच कळलं होतं तेच पुन्हा समजावून सांगितलं. किल्ली तुम्हाला सुचली हे तुमचं देणं आहे, तिच्यावर भरवसा ठेवा. माझ्याकडे यायच्या त्या कथांमध्ये हे फार असायचं, लेखकाने गोष्ट झकास पोचवलेली आणि मग पोचली की नाही या काळजीने खाली अर्थ लिहिलेला. 'त्याला उमगलं', 'तिला कळून चुकलं' असे शब्द शेवटच्या परिच्छेदात दिसले की तो परिच्छेद हाताने झाकून कथा एकदा वाचून बघा.

पण याचा अर्थ संपादक म्हणेल ते सगळं मान्य करा असा नाही. रेमंड कार्व्हर या अमेरिकन कथाकाराचा १९८१ मध्ये जो संग्रह आला त्यातल्या कथा त्याचे संपादक गॉर्डन लिश यांनी कापून कापून मूळच्या जवळपास निम्म्यावर आणल्या होत्या, कार्व्हरने हे थांबवा अशी विनवणी करणारं पत्रही लिहिलं होतं तरी पुस्तक तसंच निघालं, आणि त्या कथा मूळ रूपात २००९ मध्ये छापून आल्या, तोवर कार्व्हरला जाऊन एकवीस वर्षं झाली होती. त्या कापलेल्या पुस्तकाने त्याला नाव मिळवून दिलं हेही खरं आणि त्याला त्याचा त्रास झाला हेही खरं. म्हणून मी बदलांचे दोन ढीग करते. ज्या बदलाने माझीच गोष्ट जास्त लख्ख दिसते तो मुकाट्याने घ्यायचा. ज्याने गोष्टच दुसरी होते, म्हणजे समजा कुणी म्हणालं की भावांनी शेवटी घर विकूच नये, तर तिथे नम्रपणे नाही म्हणायचं आणि का ते दोन ओळींत सांगायचं. कारण दिलेल्या नकारामुळे सहसा कुणी कथा काढून टाकत नाही, माझ्या पाहण्यात तरी नाही. आणि छापायच्या आधी प्रूफ दाखवा अशी विनंती आत्ताच करून ठेवा.

प्रश्न : एआयकडून कथा लिहून घेऊन ती थोडी बदलून पाठवली तर कुणाला कळतं का?

बऱ्याचदा कळतं, आणि आता अनेक मासिकं एआय वापरलंय का हे आधीच विचारतात. क्लार्क्सवर्ल्ड या विज्ञानकथांच्या अमेरिकन मासिकाकडे अशा कथांचा इतका लोंढा आला की फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांना कथा स्वीकारणंच काही काळ बंद करावं लागलं. त्यात नुकसान कुणाचं झालं? रात्र रात्र जागून स्वतः लिहिणाऱ्या नव्या लेखकांचं, त्यांच्या कथा ढिगाऱ्याखाली गेल्या. माझी कळकळीची विनंती आहे, असं करू नका. तुमची पहिली कथा अडखळती असेल तर असू दे, ती तुमची असेल.

प्रश्न : वय ५८. नोकरी, संसार यातून आत्ता वेळ मिळाला, दोन कथा छापून आल्यात. आता या वयात संग्रह वगैरे होईल का? किती कथा झाल्यावर प्रकाशकाकडे जावं?

होईल की. कॅनडाची कथाकार ॲलिस मन्रो हिची पहिली कथा १९५० मध्ये विद्यार्थ्यांच्या एका मासिकात आली आणि पहिला संग्रह १९६८ मध्ये, मधली अठरा वर्षं ती मुलांना वाढवत, मिळेल तेवढ्या वेळात लिहीत होती. पुढे जन्मभर कथाच लिहिल्या आणि २०१३ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा ती ८२ वर्षांची होती. कथा छापताना तुमचं वय कुणी विचारतही नाही.

संग्रहाची घाई मात्र करू नका. दहा-बारा कथा हाताशी हव्यात, त्यातल्या निम्म्या तरी मासिकांतून आलेल्या असतील तर प्रकाशकाला धीर येतो की या माणसाला कुणीतरी वाचलंय. आणि त्या एकमेकींशेजारी ठेवून वाचा, प्रत्येक कथेत तोच हळवा म्हातारा असेल तर तो वेगवेगळ्या मासिकांत खपून जातो, एका पुस्तकात उघडा पडतो. मासिकाला कथा देताना संग्रहात घ्यायचा हक्क तुमच्याकडेच राहील ना हे विचारून ठेवा, नंतर परवानग्या मागत फिरावं लागत नाही.

प्रश्न : ताई, माझ्या नावावर काहीच नाही. ना कथा, ना पुरस्कार, ना मराठीची पदवी. कथेसोबतच्या पत्रात लिहू तरी काय? दोन आठवडे त्या पत्रावरच अडलेय.

तुमचा प्रश्न वाचून जीव कळवळला, कारण कथा तयार असून दोन आठवडे ती बाहेर पडली नाही ती एका पत्रापायी. खरं सांगू, ते पत्र लहान असलेलंच बरं. मी वाचायचे तेव्हा दोन पानी पत्रं यायची, त्यात कथेचा सारांश, लेखिकेचा संघर्ष, कथा कशी सुचली, घरच्यांना किती आवडली, आणि मग मूळ कथा वाचताना ते सगळं डोक्यात घोळत राहायचं, गोष्टीचा शेवट तर पत्रातच फुटलेला असायचा. काहीच छापून आलं नसेल तर तसं लिहायला लाज कसली, उलट नवं नाव आपण पहिल्यांदा छापलं याचा संपादकांना आनंद असतो, मला तरी व्हायचा. संपादकांचं नाव अंकात छापलेलं असतं, ते बघून बरोबर लिहा, आणि त्या मासिकाचे दोन-तीन अंक खरंच वाचा, तिथे कशा कथा येतात ते कळल्याशिवाय पाठवू नका. एवढं पुरे :

'स. न. वि. वि.
सोबत माझी (नाव) ही कथा आपल्या मासिकासाठी पाठवत आहे. शब्दसंख्या २,८०० आहे. कथा अप्रकाशित असून सध्या इतरत्र पाठवलेली नाही. ही माझी पहिलीच कथा आहे. आपला निर्णय कळवावा ही विनंती.
आपली, (नाव, फोन, मेल)'

कंसातल्या जागा भरा, शब्दसंख्या तुमच्या कथेची घाला, फाइल जोडल्यावर एकदा उघडून बघा की बरोबर कथा जोडलीये ना, आणि आज झोपायच्या आधी पाठवून द्या.